मीठ आणि साबण : तक्ता एक, प्रयोग दोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की गोव्यातल्या शाळांत प्रदर्शनाची धावपळ सुरू होते. खर्च नको, साहित्य घरचे हवे, म्हणून एक टेबल हमखास मांडले जाते : पाणी, मीठ, भांड्यांचा लिक्विड साबण, अंडे, सुई आणि मिरपूड. टेबल उत्तम आहे. एवढ्या थोड्या सामानात एवढे रसायनशास्त्र दुसरीकडे सापडायचे नाही. अडचण असते ती मागे लावलेल्या तक्त्याची. ‘मीठ व साबण पाण्यात विरघळतात आणि पाण्याचे गुणधर्म बदलतात’ असे लिहून दोघांना एकाच दावणीला बांधले जाते. मग अंडे तरंगले तरी कारण पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या वरच्या पापुद्र्याचा ताण, आणि सुई बुडाली तरी कारण पृष्ठताण. मुले हे पाठ करतात आणि जन्मभर तसेच मानतात. म्हणून शिक्षकांना, पालकांना आणि घरी साबण बनवणाऱ्या महिला गटांनाही उपयोगी पडतील अशी मापे आणि कारणे येथे देत आहोत. पत्र लांबले आहे, पण मापे गाळली तर ते लिहिण्यात अर्थ उरत नाही.

मिठाचा खडा पाण्यात पडला की तो सोडियम आणि क्लोराइड अशा सुट्या, विद्युतभारित कणांत विखुरतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस याने १८८४ साली आपल्या प्रबंधात हा विचार मांडला तेव्हा परीक्षकांना तो फारसा रुचला नव्हता. पुढे १९०३ साली याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्याचे रेणू या कणांभोवती दाटी करतात आणि कण भांडेभर सारखे पसरतात. साबणाच्या रेणूचा स्वभाव निराळा. त्याचे डोके पाण्यात रमते, पण शेपूट, म्हणजे बारा-पंधरा कार्बनची साखळी, तेलाच्या जातीची असते. पाण्यात त्या शेपटाला थारा नाही. म्हणून तो रेणू काठ धरतो : पाणी आणि हवा भेटतात तिथे, पाणी आणि तेल भेटतात तिथे, पाणी आणि कापड भेटतात तिथे. मिठाचे काम कण किती पडले यावर चालते, साबणाचे काम कण कुठे जाऊन बसले यावर. तक्त्यावर हे एक वाक्य आले तरी पुढचे सगळे प्रयोग सरळ होतात.

आधी अंडे घेऊ. एक लिटर पाणी, उंच काचेची बरणी, ताजे अंडे आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवा. चमच्याने मोजू नका. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, जाड मिठाचा त्याहून कमी. मिठाच्या २० ग्रॅमच्या आठ पुड्या बांधून ठेवा. दर पुडीच्या वेळी अंडे डावाने बाहेर काढा, पाणी ढवळा, मीठ पुरते विरघळू द्या आणि मगच अंडे परत सोडा. अंडे आत ठेवून ढवळले तर ते काचेवर आपटून तडकते आणि प्रयोग तिथेच संपतो. पाच पुड्या झाल्यावर पाण्याची घनता १.०६ च्या वर जाते, तरी ताजे अंडे तळालाच असते. सहावी आणि सातवी पुडी पडताना घनता १.०८ ते १.०९ होते आणि अंडे हलते. नीट पाहा : ते लगेच वर येत नाही, आधी तळाशीच बोथट टोक वर करून उभे राहते, कारण हवेची पोकळी त्या टोकाला असते. आणखी थोडे मीठ पडले की ते तळ सोडते आणि शेवटी वर नाण्याएवढा तुकडा उघडा ठेवून तरंगते.

यात पृष्ठताणाचा संबंध नाही. अंडे वर येते ते पाणी जड झाल्यामुळे. पृष्ठताण मिठाने वाढतो हे खरे, पण किती? शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर असतो. लिटरला १०० ग्रॅम मीठ घातल्यावर तो ७५ च्या घरात जातो. एवढ्या फरकाने अंडे उचलले जात नाही.

हा प्रयोग चार ठिकाणी बिघडतो. अंडे शिळे असेल तर आतली पोकळी मोठी झालेली असते आणि ते चौथ्या-पाचव्या पुडीलाच वर येते. फारच जुने असेल तर साध्या पाण्यातही तरंगते. गावठी मीठ वापरले तर त्यात ओल असते, म्हणून वजन फसवते. ते एक दिवस उन्हात पसरून मग तोलावे. पाकिटातले मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात थोडे न विरघळणारे द्रव्य मिसळलेले असते, त्याने पाणी दुधट होते. मीठ वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही, पाणी अर्धा तास ठेवले की निवळते. चौथी चूक सर्वांत जास्त गोंधळ घालते. ‘साबणाच्या पाण्यात अंडे बुडते’ हे दाखवायला मुले कपड्यांची पावडर वापरतात, भरपूर घालतात आणि अंडे तरंगते! पावडरीत प्रत्यक्ष साबणद्रव्य थोडेच असते, मोठा वाटा धुण्याचा सोडा आणि सोडियम सल्फेट यांचा, म्हणजे क्षारांचाच. ते मिठासारखेच पाणी जड करतात. म्हणून तुलनेसाठी पावडर नको, पारदर्शक लिक्विड घ्या, आणि तेही काही थेंबच.

याच बरणीवर आणखी दोन गोष्टी दाखवता येतात, त्या सहसा कोणी दाखवत नाही. १०० ग्रॅम मिठाचे स्वतःचे आकारमान सुमारे ४६ मिलिलिटर. ते एक लिटर पाण्यात विरघळले की पातळी तेवढी वाढत नाही, ३२-३३ मिलिलिटरच वाढते. पाण्याचे रेणू मिठाच्या कणांभोवती आवळून बसतात, त्यात उरलेली जागा जिरते. यासाठी मोजपात्र मात्र अरुंद हवे. दुसरी गोष्ट तापमानाची : मीठ विरघळताना पाणी थोडे गार होते, १०० ग्रॅमला साधारण दीड अंश. थर्मामीटर आधीपासून पाण्यात असला आणि मीठही खोलीच्या तापमानाचे असले तरच हे दिसते. फडताळ उन्हाकडे असेल तर मिठाची उष्णता सगळा फरक खाऊन टाकते.

आपल्या राज्यात हे सांगताना मिठागराचे नाव यायलाच हवे. पेडण्याच्या आगरवाड्यात, नेरूल-रायबंदरकडे आगरांत समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत घट्ट केले जाते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ बसू लागते ते पाणी आटून मूळच्या साधारण एक दशांश राहिल्यावर. द्रवाची घनता मोजणाऱ्या बोमे मापकावर तेव्हा २५ च्या वर आकडा येतो. आपले अंडे तरंगते ते ११-१२ बोमेला, म्हणजे मीठ धरण्याच्या कितीतरी आधी. मिठाच्या आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसते, म्हणून शेवटच्या वाफ्याआधीचे वाफे महत्त्वाचे. आणि मीठ बसल्यावर उरलेले कडवट पाणी वेळेत काढले नाही, तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात राहतात. पावसाळ्यात बरणीत पाझरणारे मीठ याच मॅग्नेशियम क्लोराइडमुळे पाझरते. ते हवेतली ओल ओढून घेते. ज्या मुलांच्या घरी गावठी मीठ येते, त्यांना हे कारण वर्गात मिळावे अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आता सुई. कोरडी, बारीक शिवणाची सुई टिश्यू कागदाच्या तुकड्यावर ठेवून तो कागद पाण्यावर सोडा. कागद भिजून खाली जातो, सुई वर राहते. सुईखाली पाणी खळगा करून दबलेले स्पष्ट दिसते; बाजूने उजेड टाकला तर तळावर त्या खळग्याची सावली पडते. मिठाच्या पाण्यातही सुई राहते. पण ताटाच्या कडेला टाचणीच्या टोकाने लिक्विडचा ठिपका लावा, सुई त्याच क्षणी खाली. तिची घनता बदलली नाही, पाण्याचीही नाही. फक्त वरचा पापुद्रा सैल पडला. पृष्ठताण ७२ वरून ३०-४० पर्यंत उतरतो.

मिरपुडीच्या प्रयोगात ‘मिरी साबणाला घाबरून पळते’ असे लहान मुलांना सांगतात. ते सांगू नये. साबण मधल्या पाण्याची ओढ कमी करतो, कडेच्या पाण्याची ओढ तशीच राहते, आणि पापुद्रा कडेकडे खेचला जातो. मिरी त्यावर बसलेली असते, म्हणून तीही जाते. प्रयोग पहिल्यांदा छान होतो आणि पाहुणे आले की दुसऱ्यांदा होत नाही, कारण ताट आधीच साबणाने भरून गेलेले असते. २५ सेंटिमीटर व्यासाच्या ताटाचा सगळा पृष्ठभाग एका थराने झाकायला एक मिलिग्रॅमहून पुष्कळ कमी साबणद्रव्य पुरते. लिक्विडच्या एका थेंबात कित्येक मिलिग्रॅम असते. साबणाने घासलेले ताट नीट न धुता घेतले तर पहिल्यांदाही काही होत नाही. उपाय : पाच-सहा ताटे आधीच गरम पाण्याने तीनदा खळबळून ठेवावीत, आत बोटे घालू नयेत आणि प्रत्येक खेपेला नवे ताट घ्यावे.

या टेबलाशेजारी एक चित्र लावायचे असेल तर ॲग्नेस पॉकल्स हिचे लावा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी घरकाम सांभाळणाऱ्या या बाईला विद्यापीठात शिकता आले नाही. पाण्यावरच्या मळाचा आणि तेलकटपणाचा पृष्ठताणावर काय परिणाम होतो, हे तिने एका पत्र्याच्या पसरट भांड्यात, पाण्याच्या पृष्ठावर पट्टी सरकवत मोजले. जानेवारी १८९१ मध्ये तिने आपली निरीक्षणे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. त्यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाच्या संपादकांकडे धाडले आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आले. तो शोधनिबंध नव्हता, रॅले यांना लिहिलेले एक पत्र होते. भांडी घासणाऱ्या पाण्यात विज्ञान असते हे मुलींना सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

‘मीठ घातल्याने पाणी लवकर उकळते’ हेही तक्त्यावर दिसते. उलट आहे. मिठाने उत्कलनबिंदू वाढतो, पण लिटरला ५८ ग्रॅम घातले तर एक अंशाने. डाळीत चमचाभर घातले तर एक दशांश अंश, म्हणजे काहीच नाही. तापलेल्या पाण्यात मीठ टाकताच ते उसळते, कारण मिठाच्या खरबरीत दाण्यांवर बुडबुडे धरायला जागा मिळते. वाळूनेही तेच होईल. गोठण्याकडे परिणाम मोठा असतो. बर्फाचा चुरा तीन भाग आणि जाडे मीठ एक भाग वजनाने मिसळले, तर तापमान शून्याखाली १५ अंशांच्या पुढे उतरते. सिद्धांताने मर्यादा उणे २१ अंश. बर्फाचे ढेकूळ मोठे राहिले की उणे पाच-सहावरच गाडी अडते. लिक्विड साबणाने यातले काही होत नाही. लिटरला दोन ग्रॅम साबणातले कण मोजले तर ते नगण्य असतात, आणि इथे मोजणी कणांचीच असते.

वीजवहनाच्या प्रयोगाबद्दल काळजीचे दोन शब्द. घरातल्या विजेची वायर आणि बल्ब वापरून हा प्रयोग कधीच करू नये. बादलीशेजारी होल्डर लोंबकळत ठेवणे जिवावर बेतू शकते. नऊ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर, एक एलईडी आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली पुरतात. डिस्टिल्ड पाण्यात एलईडी पेटत नाही, साखरेच्या पाण्यातही नाही, मिठाच्या पाण्यात लख्ख पेटतो. ‘साबणाच्या पाण्यातून वीज जात नाही’ असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, तेही चूक. साबण आणि बहुतेक लिक्विड हे सोडियमचेच क्षार, त्यामुळे एलईडी मंद का होईना पेटतो. मिठाच्या पाण्यात एका पेन्सिलीशी ब्लीचिंग पावडरीसारखा वास येतो. तो क्लोरीन आहे. खिडकी उघडी ठेवा आणि मिनिटभरात बॅटरी काढा.

समुद्र जवळ असल्याचा फायदा घ्यायचा तर फेसाचा प्रयोग करा. तीन सारख्या बाटल्या, प्रत्येकीत १०० मिलिलिटर : एकीत नळाचे पाणी, दुसरीत मिरामारचे किंवा कोलव्याचे गाळलेले समुद्राचे पाणी, तिसरीत डिस्टिल्ड पाण्यात विरघळेल तेवढे, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम मीठ. प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा अर्धा ग्रॅम कीस आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घाला आणि वीस वेळा हलवा. पहिलीत फेस. दुसरीत फेसाऐवजी दह्यासारखा साका, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, आणि त्यांचे साबण पाण्यात विरघळत नाहीत. तिसरीत कॅल्शियम नसूनही साबण गोठून कण्या होऊन वर येतो. मिठाने पाणी इतके अडकवून ठेवलेले असते की साबणाला विरघळायला ते उरत नाही. साबणाच्या कारखान्यात शिजलेल्या मिश्रणात मीठ घालून साबण वेगळा काढतात तो याच रीतीने.

येथे कपड्यांचा साबण किंवा लिक्विड घेतले तर प्रयोग फसतो, कारण त्यांतली द्रव्ये कॅल्शियमला दाद देत नाहीत. अंगाचा साबणही वेष्टन वाचून घ्या. टीएफएम (एकूण स्निग्ध द्रव्य) ७६ टक्के किंवा अधिक लिहिलेला असला की तो खरा साबण. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेले असते, त्यामुळे मध्य गोव्यातल्या मुलांना फेस खूप दिसेल आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीचे एप्रिल-मेमधले पाणी आणणाऱ्या मुलांना कमी. हा फरक मुलांनी स्वतः नोंदवावा.

आता जिथे मीठ आणि साबण एकत्र येतात तिथे वळतो. भांड्यांचे लिक्विड घरी करून विकणारे महिला गट आता गावोगावी आहेत, आणि त्यांच्या कृतीत शेवटी ‘घट्ट होईपर्यंत मीठ’ असे लिहिलेले असते. कृती बरोबर आहे, पण ‘होईपर्यंत’ या शब्दाने पुष्कळ माल वाया जातो. पाण्यात साबणाचे रेणू पुरेसे झाले की शेपटे आत, डोकी बाहेर असे त्यांचे गोळे होतात, त्यांना मायसेल म्हणतात. डोक्यांवर सारखाच विद्युतभार असल्यामुळे ती एकमेकांना ढकलतात आणि गोळे लहान, वाटोळे राहतात. मीठ घातले की सोडियमच्या गर्दीत ही ढकलाढकल कमी होते, डोकी जवळ येतात, गोळ्यांच्या लांबलचक अळ्या होतात आणि त्या एकमेकींत गुंततात. लिक्विड घट्ट होते ते या गुंत्यामुळे. आणखी मीठ घातले की गुंता एका मर्यादेनंतर मोडतो आणि लिक्विड पुन्हा पातळ होते. मग बाई म्हणतात, ‘मीठ कमी पडले,’ आणखी घालतात, आणि लिक्विड पाण्यासारखे होऊन गढूळते. तिथून परतायचा एकच मार्ग : मीठ न घातलेले लिक्विड मिसळत जाणे.

हे टाळायला मोठ्या बादलीत हात घालण्याआधी सहा पेले मांडा. प्रत्येकात मीठ न घातलेले १०० ग्रॅम लिक्विड घ्या आणि अनुक्रमे १ ते ६ ग्रॅम मीठ, चमचाभर पाण्यात विरघळवून, घाला. हळू ढवळा, जोरात ढवळले तर फेस धरून घट्टपणा कळत नाही. तासाभराने प्रत्येक पेला तिरका करा. एक पेला सगळ्यांत संथ ओघळेल. त्याच्या पुढचे पुन्हा सैल असतील. जिथे सर्वांत घट्ट, त्याच्या अर्धा ग्रॅम अलीकडे थांबा आणि तेच प्रमाण बादलीला लावा. दहा किलो लिक्विडला ते शंभरपट होते. एसएलईएसचे (लिक्विडमधल्या मुख्य साबणद्रव्याचे) प्रमाण, रंग, वास, काहीही बदलले की हे माप बदलते. काही सुगंध तर एकटेच लिक्विड पातळ करतात. म्हणून सुगंध घालून झाल्यावरच पेल्यांची परीक्षा घ्यावी. ॲसिड स्लरी (साबणद्रव्याचे आम्ल रूप) वापरत असाल तर ती आधी कॉस्टिक सोड्याने मारून, म्हणजे आम्लपणा घालवून, पट्टीवर पीएच ७ ते ८ आल्याशिवाय मिठाला हात लावू नये. हातमोजे आणि चष्मा हवेतच, आणि स्लरी पाण्यात ओतावी, स्लरीवर पाणी नाही. मीठ मात्र पाकिटातले स्वच्छ घ्या. गावठी मिठातल्या मॅग्नेशियमने आणि गाळाने लिक्विड धुरकट दिसते. उन्हाळ्याच्या दुपारी तेच लिक्विड सकाळपेक्षा सैल वाटेल, त्यासाठी मीठ वाढवू नका.

ग्राहकांनी यातून एवढे घ्यावे : घट्टपणा हे ताकदीचे माप नव्हे. दहा रुपयांच्या मिठाने पातळ लिक्विडही मधासारखे करता येते. फेस हेही माप नव्हे. धुण्याचे काम मायसेल करतात. सोडियम लॉरिल सल्फेट या साबणद्रव्यात शुद्ध पाण्यात मायसेल बनायला लिटरला सुमारे सव्वादोन ग्रॅम लागतात. पाण्यात लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास मीठ असले तर अर्ध्या ग्रॅमहून कमीतच बनू लागतात. पावडरीत क्षार असण्याचा एक उपयोग हाही आहे. ती रेषा ओलांडल्यावर पृष्ठताण आणखी उतरत नाही. तेलकटपणा जास्त असेल तर थोडे जास्त लिक्विड लागेल, पण ओंजळभर पावडरीने कपडा जास्त स्वच्छ होत नाही, खंगाळायचे पाणी तेवढे वाढते. मऊ पाण्याच्या गावांत पाकिटावरच्या मापापेक्षा थोडी कमी पावडर घालून एकदा पाहावे. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये तर जादा फेस कपड्यांना आपटूच देत नाही.

शेवटचा प्रयोग विहिरींसाठी. लिटरभर पाण्यात ७० ग्रॅम मीठ आणि थोडा खायचा रंग घालून काचेच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत भरा. वर चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून साधे पाणी अगदी हळू ओता. दोन थर होतात आणि हलवले नाही तर तासन्‌तास तसेच राहतात. आता वरच्या थरातून पिचकारीने भरभर पाणी ओढा. टोकाखाली रंगीत पाणी उंचवटा करून वर चढताना दिसेल. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर असेच तरंगत असते. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, त्यामुळे समुद्रपातळीच्या वर जितके मीटर गोडे पाणी असेल, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी टिकते. गिबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. उलट वाचला तर त्याचा अर्थ असा की पंपाने पातळी एक मीटर कायमची उतरली तर खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. टँकर भरण्यासाठी किनाऱ्यावरच्या विहिरी रात्रंदिवस उपसल्या जातात तेव्हा नेमके काय घडते, ते या भांड्यात पाच मिनिटांत दिसते. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतली मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, भरतीला आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, तीही याच खाऱ्या पाण्याला आवर घालायला. विहिरीला मात्र असे दार नसते.

प्रदर्शन आटोपल्यावर पाणी कुठे ओतायचे, हे शिक्षकांनी आधीच ठरवावे. मिठाचे पाणी भरपूर साध्या पाण्याने पातळ करून मोठ्या माडाच्या आळ्यात ओतले तर चालते. मिरची, वाल, भाजीच्या वाफ्यात एक तांब्याही नको. साबणाचे पाणी शोषखड्ड्यात किंवा सांडपाण्याच्या गटारात जावे, विहिरीच्या कठड्याशी किंवा झरीवर नाही. पाण्यावर चालणारे लांब पायांचे किडे दिसले तर ‘गंमत’ म्हणून त्यांच्याजवळ साबणाचा थेंब सोडू नये. त्यांच्या पायांखालचा पापुद्रा जातो आणि ते बुडतात. ते दाखवायला सुई पुरेशी आहे.

आपले,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक,
फोंडा, गोवा